धुऱ्यातल्या घुशी

"भाऊ, तुह्याकडली बिळं तेवढी चिखलानं बुजव. एवढंच म्हणून राह्यलो मी," रामकिसन पुन्हा म्हणाला.

मडक्यात गोवरीचा विस्तव, वर सुक्या मिरच्या. मडक्याचं तोंड बिळाला लावून फुंकता फुंकता तो बेजार झाला होता. धूर आत शिरायचा आणि पलीकडे थोरल्या भावाच्या, पुंजाजीच्या हरभऱ्यात निवांत बाहेर पडायचा. घुशीही त्याच वाटेने सटकायच्या.

दोघांच्या वावरांमधल्या धुऱ्यात, त्या हातभर रुंद मातीच्या बांधात, घुशींचं अख्खं खानदान नांदत होतं. माय, मावशा, लेकी, नाती, सगळ्या एकाच घरात, आणि भांडण म्हणून नाही. रात्रीतून रामकिसनच्या गव्हाच्या ओंब्या तोडून आत न्यायच्या, पुंजाजीच्या हरभऱ्याचे घाटेही न्यायच्या. वर्षभर घरात खायचा गहू तो, अर्धा आडवा झाला होता. बरं, खोदून काढाव्यात तर तीही सोय नाही. धुऱ्याला कुदळ लागली रे लागली की धुरा कोरला म्हणून गावभर बोभाटा. मागे रामकिसनचं वावर नांगरताना ट्रॅक्टरवाल्याने चुकून धुऱ्याच्या अंगाने नांगराचं एक तास जास्त ओढलं होतं, तेव्हापासून पुंजाजीने भावाच्या घरचं पाणी पिणंसुद्धा सोडलं होतं.

"आज बिळं बुजवाले लावशीन, उद्या धुरा सरकवशीन," पुंजाजी म्हणाला.

"अरे, तुहा हरभराबी खाऊन राह्यल्या ना त्या!"

"खाऊ दे. माहा हाय, मी पाहून घेईन."

काय बोलावं अशा माणसाला? रामकिसनचं डोकं सणकलं. त्याने जीव खाऊन फुंकर मारली. पलीकडे मिरचीचा लोट उठला. पुंजाजीला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पण गडी जागचा हलला नाही. पायाशीच बीळ होतं. टाचेने माती लोटली असती तरी भागलं असतं.

रामकिसनने मडकं उपडं केलं, विस्तवावर माती टाकली. विळा घेतला आणि धुऱ्याच्या कडेपासून गहू कापायला बसला. दाणा अजून दुधात होता.

पुंजाजीचा ठसका थांबला.

"कच्चा हाय रे," तो म्हणाला. आवाज बसला होता.

"हाय," रामकिसन म्हणाला. "घुशीयच्या पोटात जाण्यापरीस बैलायले होईन."

पुंजाजी धुऱ्यापर्यंत आला. तिथेच उभा राहून त्याने डोळे पुसले आणि धाकट्याने कापलेल्या हिरव्या पेंढ्यांकडे बघत राहिला. अलीकडे पाय मात्र टाकला नाही.