बाबांनी पाडलेलं भोक

आमच्या बिल्डिंगमधला कुलदीप क्रिकेट खेळता खेळता मेला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता आणि चांगल्या फॉर्मात होता. त्याच आठवड्यात माझ्या छातीत डाव्या बाजूला टोचायला लागलं. मी चोवीसचा. हिशेबाने माझ्याकडे अजून दोन वर्षं होती, पण मी कुलदीपपेक्षा बराच वाईट खेळायचो, त्यामुळे खात्री वाटेना.

भाईंदर पूर्वेत दुसऱ्याच्या छातीतलं सगळ्यांना कळतं. खालच्या शैलाकाकी म्हणाल्या, गॅस. दुकानवाला म्हणाला, "गॅस है, सोडा पियो." आईही गॅसच म्हणाली, पण रडत म्हणाली. मी सोडा प्यायलो. ढेकर देतानाच मेलो तर कसं दिसेल, या विचाराने धडधड आणखी वाढली. मग डावा हात गळ्याच्या नाडीवर ठेवून मी उजव्याने जेवायला लागलो.

"गळा दाबून कोणी जेवतं का रे?" आई म्हणायची.

शेवटी डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला. "घोडे का दिल है," ते म्हणाले.

"घोडे पण मरतात," मी म्हणालो.

"लग्न कर," ते म्हणाले. घरी हे औषध म्हणून घेतलं गेलं.

मुलगी ठरलेलीच होती, फक्त तिच्या घरी माहीत नव्हतं. संघप्रिया मीरा रोडच्या पूनम सागरला राहायची. जयंतीच्या तयारीत मी विहारात पताका चिकटवायचो आणि वाकड्या आहेत म्हणून ती उपटायची. असं आमचं दोन वर्षं चाललं होतं. तिला वडील नव्हते. तिच्या घरात सगळं लवूमामा ठरवायचे आणि लवूमामांच्या कानावर गेलं होतं की मुलगा हार्टचा आहे. त्यांचा निरोप आला, रिपोर्ट घेऊन या.

आता आमच्या बाबांचं सांगायला हवं. परभणीकडच्या आमच्या घराचं छप्पर गळून त्यांचा जातीचा दाखला भिजला होता. तो पुन्हा मिळेपर्यंत तहसीलच्या पायऱ्या झिजल्या आणि हाताशी आलेली नोकरी दुसऱ्याला गेली. तेव्हापासून ते कागदावर विश्वास ठेवत नाहीत, प्लास्टिकवर ठेवतात. दाखले, मार्कशीटा, रेशनकार्ड, आजीचा फोटो, आमच्या घरात सगळं लॅमिनेट केलेलं. पाहुण्यांपुढे माझं हृदय उघडं नेणं त्यांना पटणार नव्हतंच. निघताना त्यांनी कार्डिओग्राम स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे लॅमिनेशनला टाकला आणि चहा पिऊन होईपर्यंत तो पाकिटात बंद होऊन आला.

पूनम सागरला चहा-पोहे झाल्यावर बाबांनी पाकीट फोडलं. तो कागद गरम झाला की काळा पडतो, हे कोणालाच माहीत नव्हतं. आतून एक काळीकुट्ट, चकचकीत पट्टी निघाली.

लवूमामांनी ती खिडकीशी नेऊन तिरकी धरली. "ह्यात काय दिसतंय?"

"तुम्ही दिसताय मामा," संघप्रिया दारातून म्हणाली.

"तू आत जा," म्हणून मामा बाबांकडे वळले. "केरबाराव, असं करू, आमच्यासमोर नवीन काढू."

डॉक्टरांच्या टेबलावर मी शर्ट काढून पडलो आणि मामा उशाशी उभे राहिले. माझं हृदय त्यांना घाबरून पळायला लागलं. डॉक्टरांनी पट्टी पाहिली, मामांना बाहेर काढलं, मला पाणी दिलं आणि दुसरी काढली. मग सगळ्यांना बोलावून सांगितलं, "हार्ट एकदम साफ. याला भीतीचा आजार आहे. मनाच्या डॉक्टरकडे जाऊ दे, गोळ्यांनी बरा होईल."

मला इतकं बरं वाटलं! इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कोणीतरी गॅस नाही म्हणालं होतं.

"मनाचा म्हणजे डोक्याचा?" मामा म्हणाले. "नाय केरबाराव. हृदयाचं असतं तर विचार केला असता. ऑपरेशन करता येतं. डोक्याचं आमच्यात नाय चालायचं."

दोन दिवसांनी संघप्रिया विहाराच्या मागे भेटली. "गोळ्या घेशील?"

"घेईन."

"मग मामाला मी बघते. घाबरट तर घाबरट."

ती घरी भांडत होती आणि इकडे बिल्डिंगमध्ये लोक मला बघून आवाज खाली करायला लागले. बाबांना ते सहन झालं नाही. त्यांनी जिना चढता-उतरता सगळ्यांना सांगितलं, डॉक्टर चुकला, पोराच्या हृदयाला भोक आहे.

"बाबा, भोक नाहीये."

"तुला आतलं दिसतंय का? गप बस की. भोकवाल्याला बघायला लोक येतात. येड्याला कोण येतं?"

खरंच आले. शैलाकाकी सफरचंदं घेऊन आल्या. मनाच्या डॉक्टरकडे जायचं मात्र राहिलं, कारण भोकवाल्याने तिकडे कशाला जायचं?

बातमी पूनम सागरला पोचली आणि संघप्रिया थेट घरी आली. "मी मामाला सांगतेय हृदय साफ आहे, आणि तुझेच बाबा म्हणतात भोक आहे. मी घरात खोटी पडले. खरं काय ते सांग."

बाबा समोर सफरचंद कापत होते. त्यांची सुरी थांबली. त्यांनी वर पाहिलं नाही. आई दारात होती, तिच्यामागे शैलाकाकी.

"आहे," मी म्हणालो.

"भोक?"

"छोटंसं."

"घाबरटपणाच होता रे तुझा," ती म्हणाली आणि चपला घालून गेली.

तिचं लग्न पुढच्या उन्हाळ्यात झालं. पत्रिका द्यायला मामा स्वतः आले, माझ्या तब्येतीची चौकशी करून गेले. हॉलमध्ये मला पंख्याखालची खुर्ची राखून ठेवली होती. त्रिशरणासाठी सगळे उभे राहिले तसा मीही उठलो, तर मामांनी खांदा दाबून बसवलं. "तू बस रे, तुला चालतं." समोर नुसत्या पाठीच पाठी. स्टेज काही दिसेना.

बाबा वाकले. "दुखतंय का?"

"नाही."

"मग जरा दुखल्यासारखं कर. मामा बघतोय."

मी छातीवर हात ठेवला.