लांबून बघा

लग्न होऊन या घरात आले तेव्हा, माप ओलांडायच्या आधी, बेबीआत्यांनी माझा दंड धरून कानात सांगितलं होतं, "आपल्या दारात आलेल्या माणसाला अडवायचं नाही हो. अडवलं की किनारा आखडतो." बेबीआत्या म्हणजे माझ्या आत्येसासूबाई. मी हसून मान डोलावली. प्रत्येक घराला आपल्या पाहुणचाराचा अभिमान असतो, त्यातलंच काहीतरी, असं समजून सोडून दिलं. पुढे सील व्याली आणि किनारा आखडायला लागला.

सील आमच्या समुद्रात नसतात. मला माहीत आहे, मी प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी केलंय. त्यांना थंड पाणी लागतं. तरी ती आली. मी मुलीला घेऊन दवाखान्यातून घरी आले त्याच आठवड्यात, सकाळी, ओहोटीला. पडवीत बाळाला उन्हात घेऊन बसले होते, तर सुरूच्या झाडांपलीकडे वाळूवर एक करडं धूड आडवं पडलेलं, आणि त्याच्याजवळ ओलं, सुरकुतलेलं, डोळेच डोळे असलेलं पिल्लू.

"संदेश, सील व्याली आपल्याकडे," मी नवऱ्याला सांगितलं.

"ती बर्फातली ना?"

"हो."

"मग इथे कशी?"

"आता आलीय, काय करायचं?"

त्याने चहा संपवला, जाऊन लांबून बघून आला, आणि म्हणाला, "मुलगीच आहे."

सीलची रीत मला पुस्तकातून ठाऊक होती. आई पिल्लाला वाळूवर ठेवून पाण्यात जाते, पोट भरते, परत येऊन पाजते. पण किनारा रिकामा असेल तरच. पिल्लाजवळ माणूस दिसलं की ती पाण्यातून डोकं वर काढून नुसती बघत राहते. फार वेळ माणसं हलली नाहीत तर ती कायमची निघून जाते आणि पिल्लू उपाशी मरतं. एवढीच गोष्ट होती. कुणाला न जमण्यासारखं काय होतं त्यात?

पहिले दोन-चार दिवस जमलं. सील यायची, कुशीवर वळायची, पाजायची. इकडे पडवीत मी पाजायचे. तिचं पिल्लू ओरडलं की मला पान्हा फुटायचा आणि माझी मुलगी रडली की पाण्यातून सीलचं डोकं वर यायचं. याचं आम्हा दोघींना काही वाटलं नाही.

मग माणसं बाळ बघायला यायला लागली.

आमच्याकडे बाळंतिणीच्या घरी रिकाम्या हाताने जात नाहीत आणि बाळ बघितल्याशिवाय परत फिरत नाहीत. पहिल्या आल्या शेजारच्या पारकरकाकी. माझ्या मुलीला झबलं आणलं होतं, आणि तसंच दुसरं, बिनबाह्यांचं.

"हे तिकडचीला," त्या म्हणाल्या. "हात कुठायत तिला? म्हणून बाह्याच काढून टाकल्या."

"काकी, तिला नका घालू. आणि जवळ जाऊ नका. लांबून बघा."

"लांबूनच तर बघतेय गो," असं म्हणत काकींनी पिल्लाच्या नाकावर बोट टेकवलं आणि कडाकडा बोटं मोडून तिची दृष्ट काढली.

मी त्यांना हाताला धरून मागे आणलं. परत येताना सुरूचं एक झाड कमी होतं. तोडलेलं नव्हतं, पडलेलं नव्हतं. त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं झाड एकमेकांशेजारी आली होती, आणि समुद्र तेवढा घराकडे सरकला होता.

मला बेबीआत्यांचं बोलणं आठवलं आणि मी मनाशी म्हटलं, एका झाडाने काय होतंय.

दुसऱ्या दिवशी वाडीतल्या बायका ओटी घेऊन आल्या. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. मी गडग्याच्या, अंगणाभोवतीच्या दगडी कुंपणाच्या, फटीत आडवी उभी राहिले.

"अगं, बाळंतीण आहे ती. दारात आली आणि ओटी रिकामी ठेवायची?"

"वहिनी, तुम्ही तिथे गेलात की ती येतच नाही पिल्लाकडे."

"येईल की! आम्ही काय खातो का तिला?"

"तुम्ही घाबरवता."

"आम्ही?" त्या खरंच दुखावल्या. "पाच जणी मिळून ओटी भरायला आलोय आणि म्हणे घाबरवता!"

मी त्यांना परत पाठवलं. त्या गेल्या, पण ज्या वाटेने गेल्या ती आधी वाळूतून जायची, आता गडग्याला घासून जात होती. मधल्या वाळूच्या पुळणीवर उलटी करून ठेवलेली होडी आमच्या तुळशीला टेकली. आणि वाळू उरली नाही म्हणून पिल्लू आपोआप गडग्याच्या आत, अंगणात आलं. आता बायकांना चालायलाही लागत नव्हतं. रस्त्यावरून हात लांब केला की पिल्लाच्या अंगावर कुंकू पडायचं.

हे असं होतं. अडवलं नाही तर माणसं पिल्लाजवळ जायची. अडवलं तर पिल्लू माणसांजवळ यायचं.

मी फळीवर पाटी रंगवली : 'लांबून बघा. आई परत येणार आहे.' अक्षरं चांगली वीतभर काढली, रस्त्यावरून दिसतील अशी. सकाळी उठून बघते तर ती बोटभर झालेली. दुपारपर्यंत मुंगीएवढी. मग लोक काय लिहिलंय ते वाचायला जवळ यायचे, आणखी जवळ यायचे, शेवटी पिल्लाशेजारी गुडघे टेकून वाचायचे, "आई परत येणार आहे," आणि म्हणायचे, "हो का, बिचारी," आणि पाटीबरोबर फोटो काढायचे.

पुण्याहून एक कुटुंब आलं. बाई चांगली शिकलेली दिसत होती, माझ्याच वयाची. तिने आपलं बाळ पिल्लाच्या पाठीवर बसवलं.

"अहो, काय करताय!"

"एकच फोटो."

"ते रानटी जनावर आहे. चावेल. आणि त्याची आई पाण्यात बघतेय तुमच्याकडे."

"कुठे?" म्हणत तिने फोन समुद्राकडे वळवला. "अय्या, खरंच की. इकडे बोलवा ना तिला."

तिचा नवरा बाटलीतलं पाणी पिल्लावर ओतत होता. "कोरडं पडलंय हो. तुमचं लक्षच नाही."

मी त्यांच्यावर ओरडले. पहिल्यांदाच इतकं. ती मंडळी कुरकुरत गाडीत बसली आणि लाट आमच्या पडवीच्या खालच्या पायरीवर येऊन फुटली.

संदेशने संध्याकाळी मला समोर बसवलं. "तू अडवू नकोस कुणाला. आत्याने सांगितलं होतं ना तुला?"

"मग पिल्लू मरू दे?"

"तसं नाही म्हणत मी. पण उद्या घर पाण्यात गेलं तर?"

"तू एकदा तरी उभा राहा तिथे माझ्याबरोबर."

"मी उभा राहिलो तर दुप्पट आखडेल," तो म्हणाला. त्याचं चुकत नव्हतं, याचाच मला जास्त संताप आला.

जनावरांचं बघतात त्या कार्यालयात मी फोन लावला. माणूस सभ्य होता.

"सील आहे? बरं. समुद्रापासून किती लांब?"

"पायरीवर आहे."

"पिल्लू?"

"समुद्र."

"मॅडम, पायरीच्या आत आलं की ते घरातलं होतं. घरातल्यांचं आम्ही बघत नाही. तुम्ही त्याला बाहेर ठेवा, मग आम्ही येतो."

"बाहेर जागाच उरली नाही."

"मग जागा झाली की फोन करा."

सील यायची बंद झाली. म्हणजे दिसायची, लाटेमागे तिचं काळं, गोल डोकं दिसायचं, पण यायची नाही. यायला एक माणूस नसलेली वेळ हवी होती आणि तशी वेळच नव्हती. पिल्लाच्या बरगड्या दिसायला लागल्या. ओरडणं बारीक झालं. माझा पदर सारखा भिजायचा आणि माझी मुलगी नीट प्यायची नाही, कारण प्रत्येक आलेली बाई तिला माझ्या हातातून घ्यायची, गाल ओढायची, हुंगायची, पुढच्या बाईकडे द्यायची. परत येईपर्यंत तिला नारळाच्या तेलाचा, पावडरचा, परक्या साड्यांचा वास यायचा. मी तिच्या टाळूला नाक लावून माझा वास शोधत बसायचे.

अशात सासूबाईंनी बारशाचा दिवस धरला.

"दोघींचं एकदमच उरकू," त्या म्हणाल्या. "मांडव एकच, घुगऱ्या एकदाच शिजतील."

"आई, दोघी कोण?"

"आपली आणि ती. आपल्या दारात जन्मलीय, बिननावाची ठेवायची? तिची आई पाण्यात, आत्या कुठाय देव जाणे. आपली वैजू ठेवेल दोघींचं नाव."

वैजू म्हणजे माझी नणंद. ती दोन टोपडी घेऊन चिपळूणहून आली.

"आई, तिला उचलून पाळण्यात घातलं तर ती आता मरेलच. माझं ऐका. एक दिवस सगळे घरात बसू, दारं लावून. एकच दिवस. सील येऊन पाजून जाईल."

सासूबाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मायेनेच. "ओली बाळंतीण तू. किती त्रास करून घेतेस जिवाला? बायका आल्यात, दारं कशी लावायची?"

माजघरात पाळणा बांधला. त्याला झेंडूच्या माळा सोडल्या. गाव लोटलं होतं. बायका भिंतीला लागून, खिडकीत, जात्यावर, एकमेकींच्या मांडीवर बसल्या. पारकरकाकींनी पिल्लाला पुसून, पावडर लावून, टोपडं घालून आणलं. दोघींच्या गालाला काजळाची तीट लावली. माझ्या मुलीला उजव्या, पिल्लाला डाव्या.

"गोविंद घ्या," पाळण्याच्या वरून एक गेली.

"गोपाळ घ्या," खालून दुसरी आली.

वरून, खालून, या हातातून त्या हातात. पिल्लू ओरडलं, माझी मुलगी ओरडली. दोन्ही आवाज सारखेच होते. बायका हसत होत्या, "बघा बघा, बहिणी बहिणी!" उघड्या दारातून मला समुद्र दिसत होता आणि त्यात ते डोकं. ते नेहमीसारखं आमच्याकडे बघत होतं. मग सीलने पाठ फिरवली.

"थांबा!" मी ओरडले. "सगळ्यांनी बाहेर जा! माझ्या घरातून बाहेर जा!"

कोपऱ्यात बसलेल्या बेबीआत्यांनी डोळे मिटले.

वाळू उरली नव्हती, पायऱ्या उरल्या नव्हत्या, लाट उंबऱ्याला लागली होती. आखडायला किनारा शिल्लक नव्हता. तेव्हा माझे हात आखडले. आधी कोपरापर्यंत, मग आणखी. मुलीकडे पुढे केले ते तिच्यापर्यंत पोचलेच नाहीत. पाय एकमेकांना चिकटले. मी उंबऱ्यावर आडवी झाले. कुणीतरी म्हणालं, "अगंबाई, हिला पाणी घाला, कोरडी पडलीय." कुणीतरी फोन वर धरला. एकीने माझ्या नाकाला बोट लावलं. मला इतकी भीती वाटली की मी घसरत पाण्यात गेले.

मुलीचं नाव काय ठेवलं ते मला ऐकू आलं नाही. तेव्हा मी पाण्याखाली होते.

वर आले तेव्हा किनारा पूर्वीसारखा झाला होता. अडवायला आता कुणी नव्हतं. लांबलचक पुळण, सुरूची सगळी झाडं, मधोमध उलटी होडी. आणि वाळूवर माणसंच माणसं, गोल करून उभी. गोलाच्या आत दोन लहान जीव होते, टोपडी घातलेले. सील माझ्या शेजारी आली. ती गेली नव्हती. आम्ही दोघी लाटेमागे थांबलो. अजून थांबलोय. माणसं हलली की आम्ही येऊ. एक उठतो तेवढ्यात दुसरा येऊन बसतो.

तुम्ही कोकणात जाताच. सुट्टीला, मासे खायला. आमच्या बाजूला गेलात तर माझ्या मुलीला जरा बघून या. उजव्या गालाला तीट आहे ती माझी. पण सुरूपाशीच थांबा. रडत असली तरी जवळ घेऊ नका, ती टाकलेली नाही. कोरडी दिसली तर पाणी घालू नका. ती श्वास घेतेय का, एवढंच लांबून बघा.