माझ्या बाजूचा ब्रेक

गाडी शिकवणाऱ्या माणसाला मागच्या सीटवर बसवण्याइतकी क्रूर शिक्षा नाही. तिथे ब्रेक नसतो, आरसा नसतो, आणि पुढच्यांना ऐकू जाईल असं काही बोललं तर त्याला किरकिर म्हणतात.

त्या रविवारी सकाळी मी तिथेच बसलो होतो. स्टिअरिंगवर माझी मुलगी; परवाना हातात येऊन तिला तीन आठवडे झाले होते. तिच्या शेजारी माझा साडू, म्हणजे तिच्या मावशीचा नवरा. गाडी त्याची. विजेवर चालणारी, उभ्या जागेवरून चार सेकंदांत शंभरचा वेग पकडणारी. घरही त्याचंच, टेकडीच्या माथ्यावर. आम्हाला खाली उतरायचं होतं. नऊ किलोमीटर आणि मोजायची माझी छाती झाली नाही इतकी वळणं.

साडू एकेकाळी पेट्रोलच्या अशा गाड्या उडवायचा की त्या सुरू झाल्या की शेजाऱ्यांची तान्ही मुलं रडायला लागत. मग त्याला पर्यावरणाचा साक्षात्कार झाला. माणूस सुधारला की आधीपेक्षा जास्त असह्य होतो. त्याच्या क्लबात पूर्वी कोण किती पळवतो याच्या बढाया चालत. आता कोण किती दिवस ब्रेकला पाय लावत नाही याच्या चालतात. विजेच्या गाडीत पाय उचलला की मोटरच गाडीला मागे खेचते, आणि त्या खेचण्यातून थोडी वीज बॅटरीत परत जमा होते. साडूने चार महिने अकरा दिवस ब्रेक दाबलेला नव्हता. तो हे लोकांना स्वतःहून सांगायचा, न विचारता.

"ब्रेक म्हणजे काय मास्तर," तो मान मागे वळवून म्हणाला, "ब्रेक म्हणजे चुकीची कबुली. पुढचं दिसत नाही त्याला ब्रेक लागतो. काय गं?"

"हो ना काका," मुलगी म्हणाली. माझं ऐकायची तिला सवय होती, त्याचं ऐकायची हौस.

मला दरदरून घाम फुटला होता, आणि त्याचं कारण गाडीतल्या दोघांनाही माहीत नव्हतं. माझ्या बायकोलाही नव्हतं.

माझ्या शिकवणीच्या गाडीत माझ्या पायाशीही एक ब्रेक आहे. तेवीस वर्षं मी तो गरज पडली तरच वापरला. परक्यांच्या पोरांना मी चुकू दिलं, घाबरू दिलं, एकदोघांना कुंपणालाही टेकू दिलं. पोटच्या पोरीच्या वेळी मात्र माझा पाय काही ऐकेना. ती अलगद दाबायची, उरलेलं मी दाबायचो. गाडी लोण्यासारखी थांबायची. "बघा बाबा, कशी थांबली!" ती म्हणायची, आणि मी तोंड वर करून शाबासकी द्यायचो. परीक्षा सपाट मैदानावर, बैलगाडीच्या वेगात झाली. पास झाली.

थोडक्यात, माझ्या मुलीने आजवर वेगातली गाडी एकटीने कधीच थांबवली नव्हती. आणि आपल्याला ते येतं, अशी तिची पक्की समजूत होती.

पहिली दोन वळणं सौम्य होती. साडू खुशीत होता. "गुरुवारी घरी चार्जर बसवला. आधी खाली ऑफिसात करायचो, वर येईपर्यंत पाव बॅटरी संपायची. आज पहिल्यांदा माथ्यावरून शंभर टक्के भरून निघालोय!"

तिसऱ्या वळणाआधी उतार तीव्र झाला. मुलीने पाय उचलला. गाडी हळू झाली नाही. उलट वेग वाढला.

"काका?"

पडद्यावर पिवळी ओळ उमटली होती. साडूने ती पेपरातली बातमी वाचावी तशी वाचली. "बॅटरी पूर्ण भरल्यामुळे... हां. बरोबर आहे. भरलेल्या हंड्यात आणखी पाणी कुठे ओतणार?"

"मग आता?"

पन्नास. अठ्ठावन्न.

"ब्रेक," मी म्हणालो. "ब्रेक लाव."

तिने लावला. खालून करपलेल्या पातेल्यावर उलथनं घासल्यासारखा आवाज आला. चार महिन्यांचा गंज. गाडीने आमचं म्हणणं ऐकून घेतलं, पण मनावर घेतलं नाही.

"काका, लागत नाहीये!"

साडूने दाराची मूठ धरली होती, दोन्ही हातांनी.

"जोरात दाब!" मी ओरडलो.

"दाबलाय बाबा! नेहमीसारखाच दाबलाय!"

समोर वळणावर पांढरे रंगवलेले दगड होते आणि त्यांच्या पलीकडे नुसतं आभाळ. पायाखाली नुसतं मऊ कार्पेट होतं.

"नेहमी माझा पाय असायचा!" मी किंचाळलो. "प्रत्येक वेळी! तू एकटीने कधीच थांबवली नाहीस! उभी राहा त्यावर! उभी राहा!"

आरशात तिचे डोळे क्षणभर माझ्याकडे आले. मग ती खरोखरच उभी राहिली. पट्टा माझ्या छातीत रुतला, काहीतरी धडधड थरथरलं, साडूच्या तोंडून "आई गं" निघालं, आणि गाडी थांबली. दगड हातभर लांब होते. जळका वास येत होता. कोणाचा तरी श्वास शिट्टीसारखा वाजत होता. माझाच.

"किती वेळा?" तिने मागे न बघता विचारलं.

दोनचारदा, असं सांगता आलं असतं.

"सगळ्या वेळा."

"पुलाच्या उतारावर? मी ट्रकच्या मागे थांबवली तेव्हा?"

"तेव्हा जरा जास्तच."

"चार महिने अकरा..." साडूने पुटपुटायला सुरुवात केली. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने वाक्य गिळलं.

ती मुंगीच्या पावलांनी पुढच्या कठड्याच्या मोकळ्या जागेत गाडी घेऊन गेली. सुट्टीच्या संध्याकाळी लोक तिथे गाड्या लावून देखावा बघतात. आता कोणी नव्हतं. लांबलचक सपाट फरशी आणि शेवटी गुडघाभर उंचीची भिंत.

"उतरा दोघं."

"अगं, मी बसतो ना शेजारी..."

"बाबा, तुम्ही आधी उतरा."

आम्ही उतरलो. ती दूरच्या टोकाला गेली, वळली, आणि भिंतीच्या दिशेने निघाली. पेट्रोलची गाडी निदान ओरडत येते. ही येते ते कळतच नाही. नुसती मोठी होत जाते. चाकं कर्रर्र करून थांबली. मागे गेली. पुन्हा आली, आणखी जोरात. पुन्हा. गंजाचा आवाज दर खेपेला कमी होत होता, वेग वाढत होता.

"मास्तर," साडू माझी बाही ओढत म्हणाला, "थांबवा हो तिला!"

"तेच शिकतेय ती."

पाचव्या खेपेला मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती भिंतीपासून चांगली दोन गाड्यांइतकी लांब उभी होती. काच खाली आली.

"बसा. मागे."

"दोघंही?" साडूने विचारलं. "मग पुढे कोण?"

तिने आपली पर्स उचलून पुढच्या सीटवर ठेवली आणि तिला पट्टा लावला.