क्रीमच्या ट्यूबमधून निघालेला बॉलर

खरं सांगतो, हे लिहायचं राहिलंच होतं. इंदूरात झांकीची गोष्ट काढली की दहा जण मध्ये पडतात, "ऐसा नी हुआ था भिया, मैं वहीं खड़ा था." म्हटलं, कोण डोकं लावणार. पण परवा चहाच्या टपरीवर एकाने हीच गोष्ट सांगितली, आणि त्याच्या गोष्टीत ज्ञानदीप घाबरून पळून जातो. मग मात्र टाइप करायला बसलो. ज्ञानदीप पळाला नव्हता. पळायचं मनात होतं, ते वेगळं.

तर ज्ञानदीप. परदेशीपुऱ्यातला, बाबूराव वायरमनचा मुलगा. बाबूरावांचे वडील, आजोबा सगळे महूच्या पलटणीतले. हे एकटेच इंदूरला येऊन मिलच्या इलेक्ट्रिक खात्यात लागले. घर बौद्ध, त्यामुळे गणपतीशी देणंघेणं काही नाही. पण अनंत चतुर्दशीला प्रत्येक मिलची झांकी निघते, ट्रॉल्यांवर हलते देखावे, लाइटची झगमग, सगळं शहर रस्त्यावर, आणि आपल्या मिलच्या झांकीची वायरिंग बाबूरावांशिवाय कुणी केलेली त्यांना चालायची नाही. कुणी छेडलंच तर म्हणायचे, "गणपती तुमचा, करंट माझा."

मग मिलला कुलूप लागलं. त्याच सुमाराला घरोघरी केबल आली. भोंगा गेला, टीव्ही वाजायला लागला. सगळ्यांना वाटलं, आता झांकी पण गेली. गेली नाही. बाबूराव म्हणायचे, मिल मेली तरी तिची वरात निघतेच, इंदूर आहे हे.

ज्ञानदीप लहानपणापासून या झांकीत राक्षस. एका वर्षी बकासुर, एका वर्षी कंसाचा पहिलवान. आणि त्याचा जिगरी अर्पित, झांकी कमिटीचे म्होरके मालोजीकाका यांचा पुतण्या, होळकरांच्या फौजेतलं खानदान, दुधासारखा गोरा, तो दर वर्षी देव. कधी राम, कधी कृष्ण. मालोजीकाका प्रेमाने म्हणायचे, "ज्ञानू राक्षस असला की रंगाचा खर्च वाचतो." सगळे हसायचे. ज्ञानदीपही हसायचा. त्याला डरकाळी फोडायला आवडायची, आणि देवाला तर नुसतं हात वर करून उभं राहावं लागतं, पाय भरून येतात.

मैदानात मात्र उलटा मामला होता. टेनिस बॉलच्या टूर्नामेंटमध्ये ज्ञानदीप धावत यायला लागला की समोरचा बॅट्समन आधी अंपायरकडे बघायचा. सगळं मिल एरिया त्याला 'वेस्टइंडीज' म्हणायचं. पहिल्यांदा ते चिडवायला म्हणाले होते, रंगावरून. मग त्याने एकेकाचे स्टंप उडवले आणि तेच नाव शाबासकीसारखं लागलं. ज्ञानदीपने एक गोष्ट टिपून ठेवली होती. टीव्हीवर मॅचमध्ये सगळ्यात तेज बॉल टाकणारे लोक काळे. आणि ओव्हर संपली की जी जाहिरात येते तिच्यात एकही काळा नाही, असला तर तो रडत असतो.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी कमिटीकडे पैसाच नव्हता. शेवटी सियागंज बाजारातले लक्ष्मीकांतजी पुढे आले. 'चंद्रगौरी' नावाच्या गोरेपणाच्या क्रीमची नवीन एजन्सी घेतली होती त्यांनी. म्हणाले, झांकी मी काढून देतो, पण थीम माझी. ट्रॉलीवर क्रीमची मोठी ट्यूब, आडवी. एका बाजूने काळा क्रिकेटर आत जाणार, दुसऱ्या बाजूने गोरा होऊन कप घेऊन बाहेर येणार.

"आणि काळा कोण?" मालोजीकाकांनी विचारलं, आणि विचारता विचारताच सगळ्यांनी ज्ञानदीपकडे बघितलं.

गंमत म्हणजे लक्ष्मीकांतजी स्वतः ज्ञानदीपपेक्षा दोन हात पुढे. तवाच. अर्पितने तिथल्या तिथे विचारलं, "सेठजी, आप नी लगाते क्या?"

"अपने को बेचना है बेटा," लक्ष्मीकांतजी म्हणाले.

ज्ञानदीप घरी येऊन म्हणाला, मी नाही करणार. जेवताना बाबूराव नुसतं इतकं म्हणाले, "मग या वर्षी नाही निघणार." मीठ मागावं तसं म्हणाले. पण पोळीचा तोच एक तुकडा वाटीत फिरवत राहिले. ज्ञानदीपने ते बघितलं आणि झालं.

खरी अडचण बाबूराव नव्हते. खरी अडचण होती धम्मदीना, त्याची धाकटी बहीण. आठवीत. रंग भावाचाच. दोन दिवसांनी ती गच्चीवर वाळलेले कपडे काढायला आली आणि सहज विचारल्यासारखं म्हणाली, "दादा, ते क्रीम खरंच काम करतं का रे?"

"कशाला?"

"काही नाही. शाळेत शोभना म्हणत होती, तुझा दादा त्यात जाऊन गोरा होणार. तर मी म्हटलं, मग चांगलंय."

तिच्या फ्रॉकच्या खिशातून चंद्रगौरीच्या पुडीचं टोक बाहेर आलेलं होतं. ज्ञानदीपला त्या रात्री बकासुर असण्यात किती सुख होतं ते कळलं. बकासुर निदान मार खाऊन मरतो. त्याला कुणी सुधारत नाही.

तयारी झाली. मिलच्या भंगारात निघालेल्या मशीनचा रुंद पट्टा मिळाला, बाबूरावांनी त्याला थ्री-फेजची मोटर जोडली. पट्टा ट्यूबमधून आरपार जायचा. डाव्या टोकाला ज्ञानदीप उभा, अर्पित ट्यूबमध्ये लपलेला. बटण दाबलं की पट्टा सरकायचा, ज्ञानदीप आत, अर्पित उजवीकडून बाहेर. समोरच्या कडेला तीन स्टंप, शोभेला. मिलच्या आवारात ट्रायल घेतली, मख्खन चालली.

फक्त लक्ष्मीकांतजींचं समाधान नव्हतं. "छोरा लाइट में उठ नी रिया." म्हणजे हा पुरेसा काळा नाही. मग ज्ञानदीपला काजळी फासली. आणि अर्पितला पुरेसा गोरा नाही म्हणून सफेदा. दोघं एकमेकांकडे बघून इतके हसले की काजळी परत लावावी लागली.

"तू कोळशाची वखार दिसतोयस," अर्पित म्हणाला.

"आणि तू मेलेला दिसतोयस."

चतुर्दशीच्या संध्याकाळी झांकी गेटवर लागली. आता इथे एक गोष्ट समजून घ्या. थ्री-फेजच्या तीन तारांतल्या दोन अदलाबदल झाल्या की मोटर उलटी फिरते. म्हणून लाइन बदलली, म्हणजे मिलची काढून जनरेटरवर घेतली, की आधी मोटर रिकामी फिरवून दिशा बघायची. हे मिलमधल्या झाडूवाल्यालाही माहीत. बाबूराव ते कधी चुकले नाहीत. पण त्या संध्याकाळी लक्ष्मीकांतजींनी कमिटीतल्या प्रत्येकाला साफा बांधायचं काढलं, आणि बाबूरावांना आयुष्यात कुणी साफा बांधला नव्हता. जनरेटरवाला तारा जोडत होता तेव्हा बाबूराव आरशात बघत होते.

पहिला मुक्काम जेल रोडच्या तोंडाशी. ओटल्यावर ज्ञानदीपची आई कौसल्याबाई आणि धम्मदीना येऊन बसलेल्या. पोरगी हसत नव्हती, लाजत नव्हती, नुसती टक लावून बघत होती. परीक्षेचा पेपर हातात यायच्या आधी बघतात तसं. ज्ञानदीपला वाटलं, आत्ता उडी मारावी आणि जाऊ द्यावं सगळं.

माइकवर मालोजीकाका म्हणाले, "अब देखिए कमाल." बाबूरावांनी बटण दाबलं.

पट्टा उलटा सरकला. ज्ञानदीपच्या पायाखालची जमीन मागे गेली, तो ट्रॉलीच्या कडेवरून थेट मालोजीकाकांच्या अंगावर. काकांचा साफा काळा. आणि पाठोपाठ ट्यूबच्या डाव्या तोंडातून अर्पित, कप घेऊन, पाठमोरा, बाहेर. पब्लिक लोळायला लागलं.

बाबूरावांनी मोटर बंद केली. "फेज उलटलाय. दोन मिनिटं द्या." खिशातून पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, काढला. पण मागे दुसऱ्या मिलची झांकी येऊन टेकलेली, पोलीस शिट्टी मारतोय, आगे बढ़ो.

मालोजीकाका साफा पुसत म्हणाले, "अरे त्यात काय, टोकं बदला. ज्ञानू उजवीकडे उभा राहील, अर्पित डावीकडून निघेल. काम तेच."

बरोबर होतं ते. अगदी सोपं. ज्ञानदीप उजव्या टोकाकडे निघाला. तिथे अर्पित आधीच उभा.

"सरक," ज्ञानदीप म्हणाला.

"नाही सरकत."

"अबे काका काय म्हणाले ऐकलं नाहीस?"

"ऐकलं. तू आत लप. आज मी जातो ट्यूबमध्ये."

"येडा झालास काय? तू गेलास तर बाहेर मी येणार."

"मग ये ना. कुणी अडवलंय?" अर्पितने कप त्याच्या हातात कोंबला आणि कमरेचा गमछा सोडून फेकला. "तोंड पुस आधी. भूत दिसतोयस. तू इतका काळा पण नाहीस."

ज्ञानदीप ट्यूबमध्ये शिरला. आत अंधार, खळीचा वास. त्याने तोंड पुसलं, मान पुसली, हात पुसले, घासून घासून. बाहेर मालोजीकाका परत म्हणत होते, अब देखिए कमाल, पण या वेळी जरा भीत भीत.

पट्टा हलला. उजवीकडून अर्पित, पांढराफटक, दोन्ही हात जोडून, लगीनघरात शिरल्यासारखा आत आला. ट्यूबमध्ये दोघं क्षणभर समोरासमोर आले, अर्पितने डोळा मारला. आणि डावीकडून ज्ञानदीप बाहेर पडला.

स्वतःच्या रंगात. कानामागे थोडी काजळी राहिली होती, तेवढं सोडून.

लोकांना कळेना, हसायचं का टाळी वाजवायची. ज्ञानदीपलाही कळेना. कप हातात घेऊन माणूस काय करतो ते त्याला माहीतच नव्हतं, ते काम अर्पितचं. मग त्याचा हात खिशाला लागला. खिशात बॉल होता. त्याने कप खाली ठेवला, सरकत्या पट्ट्यावर तीन पावलं घेतली, आणि टाकला.

मधला स्टंप उडून जनरेटरवाल्याच्या पायाशी पडला.

"वेस्टइंडीज," गर्दीतून कुणीतरी ओरडलं. टेनिस बॉलवाली सगळी टीम तिथेच उभी होती. मग ती टाळी जी सुरू झाली, ती पुढच्या चौकापर्यंत पोचली. ओटल्यावर कौसल्याबाई पदराने डोळे पुसत होत्या आणि शेजारणीला सांगत होत्या की जनरेटरचा धूर फार आहे. धम्मदीना ओटल्यावर चढून उभी राहिली होती, दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारत. मुलीने शिट्टी मारायची नाही हे कौसल्याबाईंना त्या दिवशी आठवलं नाही.

लक्ष्मीकांतजी धापा टाकत बाबूरावांकडे आले. "बाबूरावजी, ये क्या हो रिया है? गोरा अंदर जा रिया, काला बाहर आ रिया. मेरा क्रीम क्या उल्टा असर करता है? तार ठीक करो."

बाबूरावांच्या हातात पेचकस होता. दोन तारांचं काम. त्यांनी पेचकसाकडे बघितलं, ट्रॉलीवरच्या पोराकडे बघितलं, आणि पेचकस खिशात ठेवला.

"चालू लाइन है सेठजी," ते म्हणाले. "रास्ते में नी छेड़ते."

मग प्रत्येक चौकात तसंच झालं. राजवाड्याला पोचेपर्यंत पुढून बातमी पोचलेली, लोक आधीच ओरडत होते, उलटीवाली दिखाओ. लक्ष्मीकांतजी आधी रागाने ट्रॉलीच्या मागे चालत होते, मग दमून ट्रॉलीवर बसले, मग स्टंप परत उभे करायचं काम त्यांच्याच अंगावर आलं. ते करता करता ज्ञानदीपला म्हणाले, "मेरी माँ ने मुझे बेसन में पाला भिया. बचपन भर. भजिया बन गया, गोरा नी हुआ." आणि मधला स्टंप ठोकत, "वैसे तू फेंकता अच्छा है."

झांक्यांच्या स्पर्धेत आपला नंबर आला नाही. परीक्षकांनी म्हटलं, विषय स्पष्ट नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्ञानदीप उठला तर अंगणात धम्मदीना त्याचे कॅनव्हासचे बूट मांडीवर घेऊन बसलेली. शेजारी चंद्रगौरीच्या फुकट वाटलेल्या पुड्यांचा ढीग. जुन्या ब्रशने घासत होती.

"काय करतेस?"

"बघ तर. खडूपेक्षा भारी चढतं," ती म्हणाली. "तू गच्चीवर विचारलंस ना, कशाला पाहिजे. याला."

बूट खरंच चमकत होते. ते घालूनच तो मिलच्या गेटवर गेला. तिथल्या नळाखाली अर्पित डोकं घालून बसला होता, सफेदा काही केल्या निघत नव्हता. रॉकेल लावून झालं, खोबरेल लावून झालं. भुवयांत, कानांत, सगळीकडे पांढरं.

"हस, हस," अर्पित म्हणाला. "घरी आई ओळखेना. म्हणे, कोण पाहिजे?"

ज्ञानदीपने रॉकेलचा बोळा घेतला आणि त्याची मान घासायला लागला. बराच वेळ घासत राहिला. थँक्यू वगैरे म्हणायची त्या दोघांत पद्धत नव्हती, म्हणून जरा जोरातच घासत होता.

"हळू बे. कातडी माझीच आहे."

"एक सांगू?"

"सांग."

"पुढच्या वर्षी बकासुर तू."

अर्पितने नळाखालून मान वर केली. "आणि मग मला काजळी फासशील, बदला म्हणून. समजलो."

"नाही," ज्ञानदीप म्हणाला. "काजळीचं बोट पण लावणार नाही. जसा आहेस तसाच, गोराच बकासुर. डरकाळी कशी फोडायची ते मी शिकवीन. वचन."