फुलीतला ठिपका

रविवारी सकाळी मी नातीच्या डार्मश्टाटच्या स्वयंपाकघरात मेथी निवडत बसले होते, आणि ती समोर बसून सांगत होती की तिच्या प्रबंधातलं बायकांचं प्रकरण आता वगळावं लागणार.

ईप्सिता माझ्या कुंदाची मुलगी. ती इथे जर्मनीतल्या युनिव्हर्सिटीत एका बेटाचा इतिहास लिहिते. कॅरिबियन समुद्रातलं बेट, नकाशावर मिरीच्या दाण्याएवढं. दोनशे वर्षांमागे तिथे गोऱ्या मालकांचे उसाचे मळे होते आणि आफ्रिकेतून धरून आणलेली माणसं त्यांत राबायची. मालकांची चरित्रं आहेत, त्यांच्या घोड्यांचीसुद्धा नावं सापडतात. बायकांचं काही नाही. तिथल्या जर्मन पाद्र्यांनी ठेवलेली जन्माची एक वही तेवढी इकडच्या दप्तरखान्यात उरली आहे. प्रत्येक मुलापुढे सुईणीचं नाव, आणि सुईणीला लिहिता येत नसल्यामुळे तिची फुली.

"चार सुइणी मिळाल्या, आजी," ती म्हणाली. "रोझेट, फिबा, क्लारा, बेट्टी. सात-आठ वर्षं एकेक दिसते आणि नाहीशी होते. मेली की विकली, काही कळत नाही. प्राध्यापकबाई म्हणतात, ही नुसती नावं झाली, माणूस कुठे आहे? गुरुवारपर्यंत एका तरी बाईचं आयुष्य सलग दाखव, नाहीतर प्रकरण काढून टाक."

तिचा आवाज सरळ होता, पण टेबलावरची मेथीची काडी तिनं मोडून मोडून बारीक केली होती. लहानपणी परीक्षेच्या आदल्या दिवशी ती असंच करायची.

"वही दाखव बघू," मी म्हटलं.

"ती जर्मनमध्ये आहे. तीही जुन्या वळणाच्या अक्षरात. मलाच धड लागत नाही. कुणीतरी पूर्वी टाइप केलेली प्रत आहे, तीच मी वापरते."

"मला कुठे वाचायची आहे? बघायची आहे."

तिचा नवरा मल्हार कॉफी गाळत उभा होता. तो उपग्रहांच्या केंद्रात काम करतो आणि घरात मस्करीचं. "आल्झो, चल, दाखव गं," तो म्हणाला. "आजींना मराठी अक्षरं यायला बासष्ट वर्षं लागली. जर्मन दुपारपर्यंत येईल."

"जावईबापू, तुम्ही मेथी घ्या. काड्या टाकायच्या, पानं नाही."

तो हसत बसला आणि खरंच निवडायला लागला.

ईप्सितानं कॉम्प्युटरवर पानांचे फोटो उघडले. मुंग्यांच्या रांगेसारखी अक्षरं, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी फुली. मी चाळीस वर्षं बाळंतपणं केली, त्यातली जास्त वर्षं अंगठा उमटवूनच गेली. अक्षर येत नसलं की नजर आपोआप कागदावरच्या बाकीच्या गोष्टींवर जाते. शिक्का कुठे आहे, शाई कुठे दाटली आहे, कुणाचा हात थांबला आहे. त्या पानावर मला वाचता येईल असं एकच होतं, ती फुली. फुलीला चार खण असतात. एका खणात ठिपका होता.

"हा कसला?"

"शाईचा डाग असेल."

"सगळ्याच फुल्यांत?"

तिनं शेजारी ती टाइप केलेली प्रत उघडली. तिथे नुसत्या फुल्या होत्या, सगळ्या एकसारख्या. ठिपका एकीतही नव्हता.

मला आमची चुलीमागची भिंत आठवली. सासूबाई चुन्याच्या बोटानं तिथे खुणा करत, पुढे मी करायला लागले. मूल झालं की उभी रेघ. मुलगी असली तर डावीकडे ठिपका, मुलगा असला तर उजवीकडे. कुंदानं घर नवीन केलं तेव्हा त्या भिंतीवर फरशी बसवली. तिला तरी काय ठाऊक.

"ह्या ओळीत काय झालं? मुलगी का मुलगा?"

ईप्सिता कॉम्प्युटरवर वाकली. "मुलगी."

"ठिपका वरच्या खणात आहे. आणि ही?"

"मुलगा." ती थांबली. "ठिपका खाली आहे."

आम्ही दहा ओळी पाहिल्या, मग वीस. मुलगी वर, मुलगा खाली. पुढच्या पानांवर नाव रोझेटचं जाऊन फिबाचं आलं, तरी ठिपके तसेच. क्लाराचे तसेच, बेट्टीचेही.

"म्हणजे सुइणींची पद्धत होती," ईप्सिता सावकाश म्हणाली. "एकीनं दुसरीला शिकवली असेल."

"पद्धत शिकवता येते. हात कसा शिकवणार? बघ, फुलीची दुसरी रेघ शेवटाला खाली मुरडते. चौघींचीही." मग मी म्हटलं, "माहेरी मी गोदा होते, तुला माहीत आहे?"

"नाही."

"लग्नात ताटातल्या तांदळावर नाव लिहितात ना. तुझ्या आजोबांनाही लिहिता येत नव्हतं, भटजींनी हात धरून लिहून घेतलं. भटजी मोठ्यानं वाचेपर्यंत आम्हां दोघांनाही ठाऊक नव्हतं की मी आता हौसा आहे. घर बदललं, नाव बदललं. ह्या फुलीवालीचं काय झालं असेल ते तू बघ."

ईप्सिता मळ्याच्या खरेदी-विक्रीचे कागद काढायला लागली. एकात बोट ठेवायची, वहीत बघायची. मग खुर्चीला टेकली.

"मळा तीनदा विकला गेला. ज्या वर्षी नवा मालक आला, त्या वर्षी नवी सुईण दिसते. नवे मालक माणसांची नावं बदलायचे, आजी. हे मी स्वतःच दुसऱ्या प्रकरणात लिहिलंय."

"गेनाऊ, अगदी बरोबर," मल्हार म्हणाला. "दुसरं प्रकरण पहिल्यांदा वाचलंस वाटतं."

तिनं त्याला मेथीची काडी फेकून मारली. पण तिचे डोळे भरले होते. तो उठून तिच्या मागे जाऊन उभा राहिला, आणि त्यालाच पुढचं दिसलं.

"ही फुली कसली? हिला ओळच नाही."

पानाच्या अगदी कडेला एक फुली होती. नाव नाही, तारीख नाही. टाइप करणाऱ्यानं ती घेतलीच नव्हती. पुढे आणखी होत्या. एका पानावर दोन, एकावर तीन.

"ठिपका आहे?" मी विचारलं.

"नाही."

"मग ती मुलं रडली नसतील."

"म्हणजे?" ईप्सितानं विचारलं.

"जे मूल रडलंच नाही त्याची मी भिंतीवर नुसती रेघ ओढायची. सरकारी रजिस्टरात ती मुलं यायची नाहीत. पाद्रीही बाप्तिस्मा दिलेलीच लिहीत असणार. त्यानं लेखणी हातात दिली की ही आपल्या ओळीवर फुली करायची, आणि जाता जाता कडेला आणखी एक. उसाच्या फडातल्या बायका शेवटच्या दिवसापर्यंत वाकतात, गं. आमच्याकडे टोळ्या यायच्या तेव्हा मीही अशा रेघा पुष्कळ ओढल्या."

मेथी तशीच राहिली. मल्हार संध्याकाळपर्यंत फुल्या तपासत होता. एकतीस वर्षं, तीनशेच्या वर बाळंतपणं. तीन ठिकाणी ठिपका आणि नोंद जुळत नाही, असं त्यानं गंभीरपणे सांगितलं.

"तीन ठिकाणी पाद्री चुकला असेल," मी म्हटलं.

गुरुवारी ईप्सिता दुपारीच घरी आली. बूट काढायच्या आधी म्हणाली, "प्रकरण टिकलं." मग माझ्या शेजारी बसून तिनं सगळं सांगितलं. प्राध्यापकबाईंनी बराच वेळ पानं पाहिली, शंका काढल्या, मालकांची वर्षं पुन्हा जुळवायला लावली. प्रकरण आता एकाच बाईचं होणार होतं.

"पण त्यांनी विचारलं, तिला म्हणायचं काय? चारही नावं मालकांनी दिलेली. मी म्हटलं, आजीला विचारते."

"त्या हसल्या असतील."

"नाही. लिहून घेतलं त्यांनी."

मी विचारलं, "तिनं स्वतः काय केलं होतं कागदावर?"

"फुली."

"मग तीच घाल मथळ्यात."

ईप्सितानं पेन आणि कोरा कागद माझ्यापुढे ठेवला. "तू काढून दे ना. तिच्यासारखी, शेवटाला मुरडलेली. फोटोत अंधूक येते."

मी पेन हातात घेतलं. काढता आली असती. पण पेन खाली ठेवलं.

"मी काढली तर मी तिची पाचवी मालकीण होईन. अंधूक आहे तर अंधूक असू दे."

मग मल्हारनं त्या पानावरूनच एक फुली उचलली. ठिपका वरच्या खणातला, म्हणजे मुलगी. शाई थोडी पसरलेली. कुठल्या मुलीची ते त्यानं पाहून ठेवलं आहे, पण मी विचारलं नाही. ईप्सिता वहीची शेवटची पानं बघत होती. तिथे नाव बेट्टीचंच होतं, पण फुलीची दुसरी रेघ मुरडत नव्हती, सरळ जात होती, जरा दाबून ओढलेली, नव्या हाताची. ठिपके मात्र वरच्या आणि खालच्या खणांत जिथल्या तिथे होते. कडेच्या फुल्याही होत्या.