विषाणूला उठवतं कोण

धाकट्याला मी प्रयोगशाळेत बोलावलं ते कौतुकाने. बहीण एचआयव्हीवर काय काम करते, एकदा डोळ्यांनी बघू दे म्हटलं. विषाणू त्याच्याच तर अंगात आहे.

पडद्यावर पेशींचं चित्र लावलं. "विषाणूचं जनुक चालू झालं की पेशी हिरवी दिसते. इथे सगळा काळोख. विषाणू आत आहे, पण पेशीच्याच प्रथिनांनी त्याला झोपवून ठेवलंय."

"तेच तू परवा जेवताना सांगत होतीस," तो खुशीत म्हणाला. "विषाणू झोपलेलाच असतो असं कुठेसं वाचून मी तर आधीच गोळ्या सोडल्यात."

"कधी?"

"झाले दोनेक महिने. काही होत नाही गं ताई. उलट भूक वाढलीय."

अर्ध्या हळकुंडाने पिवळा झाला होता माझा भाऊ. डॉक्टरांना विचारायचं नाही, मला विचारायचं नाही. दोन ठेवून द्याव्यात असं वाटलं.

मी पुढचं चित्र लावलं. हिरवंगार. "याच पेशी. अंगात दुसरा संसर्ग शिरला की पेशीला जसा इशारा मिळतो, तसा आम्ही दिला."

"मग विषाणूला उठवलं कोणी?"

"पेशीनेच. लढाईसाठी तिची दुसरी प्रथिनं धावतात, तिची जनुकं चालू करतात. त्या धांदलीत याचंही जनुक चालू होतं. गोळ्या त्याला झोपवत नाहीत रे. जो उठतो त्याला पुढच्या पेशीत शिरू देत नाहीत."

त्याने खुर्ची ओढली.

"बसू नकोस. दवाखान्यात चल, रक्त तपासू."

"ताई, सरकारला काय सांगू?"

सरकार म्हणजे त्याची बायको. घरात हुकूम तिचाच. दोघांना मूल हवं होतं. गोळ्या नेमाने चालू आहेत, रक्तात विषाणू सापडत नाही, तोवर तिला धोका नाही, असं डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं.

"तिला ठाऊकच नाही?"

"रोज सकाळी तीच गोळी हातावर ठेवते," तो खाली बघत म्हणाला. "मी बेसिनमध्ये टाकतो."

मी तिचा नंबर लावून फोन त्याच्या हातात दिला. पलीकडून "हं, बोल" ऐकू आलं. तो फोन परत माझ्याकडे सरकवू लागला. शेवटी फोन मीच घेतला.

"तयार राहा," मी म्हटलं. "आम्ही तुला न्यायला येतोय. तुझंही रक्त तपासायचंय."