प्रश्नांचा ढीग उपसणारा साचा

मी साचा बोलून राहिलो. विटांचा न्हाई, कम्प्युटरातला. शिकलेले लोक स्टाइलशीट म्हणतात. लातूरच्या एका क्लासात कच्चे प्रश्न माझ्यात घालतात, मी त्यांना आकडे, आकृत्या, उत्तरं लावून छापायजोगा पेपर काढून देतो. शाळा मला फारशी न्हाई. लिहिलंय तेवढंच करतो.

मला लिहिलं किल्लारीच्या भुजंगनं. भूकंपानंतर तो पत्र्याच्या शेडात वाढला. जरा खडखडलं की त्याची आई घरची माणसं पहिल्यापासून मोजायची. तीच खोड त्यानं मला लावली. एका प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर प्रश्न-उत्तरांचा सगळा साठा पहिल्यापासून उपसायचा. दुसऱ्या प्रश्नाला पुन्हा पहिल्यापासून! तवा साठा मूठभर होता, खपून गेलं. पुढं भुजंग पुण्याला गेला, गावोगावची लेकरं लातुरात लोटली, प्रश्नांचा डोंगर झाला. उपसून उपसून माझा जीव जाऊन राहिला.

क्लासचे मालक दयानंद सर माझ्या नावानं खडे फोडायचे.

"सुमय्या, पोरं वर्गात बसली की! पेपर कुठंय?"

"निघून राहिलाय, सर."

"गाभण म्हैस बरी ह्याच्यापरीस! रविवारी उशीर झाला तर पुसून टाक ह्याला. नवा आणू."

सुमय्या म्हणजे मला चालवणारी अहमदपूरची पोरगी. तिचा डबा घरून एसटीनं यायचा. शनिवारी स्टँडवर डब्यांचा ढीग, आन् जो येईल तो आपल्या डब्यासाठी सगळा ढीग उचकून राहिला. ती वैतागली, "अरे, एकदाच गावागावानं मांडा की रे! हरेकानं सगळं उलथंपालथं करायलाच पाहिजे का?"

बोलली आन् तिला माझं उपसणं आठवलं. डबा न उघडताच माझ्यापुढं येऊन बसली. भुजंगची खोड तिनं काढून टाकली. आता साठा एकदाच वाचायचा, कोणतं उत्तर कुठं हाय त्याच्या खुणा करायच्या, मग थेट तिथंच हात घालायचा.

रविवारी सरांनी चहाचा कप ओठाला लावायच्या आत पेपर बाहेर!

"आँ? सगळा?"

"सगळा, सर. पुसू का ह्याला?"

"येडी का काय! आता रोज पेपर घेऊ. सकाळी एक, सांजच्याला एक."

सुमय्याचं हसू तिथंच आटलं.

तवापासून मी दोन्ही वक्ताला पेपर ओकतोय. एकाची शाई वाळत न्हाई तर दुसरा. पोरं घास तोंडात धरून गणितं करतात. सर, पेपर काढायचा वेळ वाचला, सोडवायचा न्हाई. लेकरांच्या डोक्यात माझ्यासारख्या खुणा थोड्याच करता येतात? त्यांना जेवू द्या जरा. न्हाईच जमत, तर पुसा मला.